लायसन्स कच्चं, गाडी शहरातली: विम्याचा खरा खर्च कुठे लपलेला असतो

आमच्या सोसायटीच्या गेटला डाव्या हाताला एक दगडी खांब आहे. त्यावर निदान सहा रंगांचे ओरखडे असतील. त्यातला करडा आमचा. भाचा लर्निंग लायसन्सवर गाडी शिकत होता, शेजारी मी बसलो होतो, आणि "जरा उजवीकडे घे" हे तोंडातून निघेपर्यंत बंपर खांबाला भिडला होता. त्या रात्री जेवताना घरात दोन प्रश्न निघाले. कच्च्या लायसन्सवर क्लेम मिळतो का? आणि हा गाडी चालवणार हे कंपनीला आधी कळवलं असतं, तर प्रीमियम वाढला असता का?

बहुतेकांना या दोन्हींची उत्तरं नेमकी उलटी ठाऊक असतात. पहिल्याचं उत्तर हो, पण एका अटीवर. दुसऱ्याचं नाही. आपल्याकडे खासगी गाडीचा प्रीमियम ठरवताना चालवणाऱ्याचं लायसन्स कच्चं की पक्कं, हे सहसा कोणी बघत नाही. ते बघितलं जातं अपघातानंतर, क्लेमच्या फॉर्मवर. म्हणून लायसन्सवर काही मर्यादा असेल तर पैसे प्रीमियममध्ये नाही, तिथे जातात.

(इंटरनेटवर या विषयावर शोधलं की "एसआर-२२" नावाचं प्रकरण वर येतं. ते अमेरिकेतलं आहे. तिथे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला मर्यादित लायसन्स परत मिळवताना बऱ्याच राज्यांत विमा असल्याचा तो दाखला लागतो आणि प्रीमियमही चांगलाच चढतो. न्यू जर्सीतल्या चुलत भावाचा सल्ला पुण्यात लावायला जाऊ नका.)

पायरी पहिली: लायसन्सची नेमकी अवस्था ओळखा

"माझ्याकडे लायसन्स आहे" हे वाक्य विम्याच्या कामाचं नाही. परिवहनच्या सारथी पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाका, सद्यस्थिती दिसते. तिथे चार गोष्टी बघायच्या: लायसन्स चालू आहे का, मुदत कधीपर्यंत, कोणत्या वर्गाचं, आणि निलंबनाची नोंद आहे का.

वर्गाकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे कितीतरी घरांत ताईंचं लायसन्स फक्त बिनगिअरच्या दुचाकीचं असतं. कॉलेजात असताना स्कूटीसाठी काढलेलं. त्यावर कार चालवली तर कायद्याच्या नजरेत कारचं लायसन्स नाहीच. गाडी कितीही सफाईने चालवत असोत.

मुदतीची गंमत वेगळीच. पूर्वी लायसन्स संपल्यावर तीस दिवस ते चालू धरलं जायचं. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत काढून टाकली. अनेक एजंट अजून "महिनाभर चालतं हो" म्हणतात. चालत नाही. नूतनीकरण लायसन्स संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतं आणि संपल्यावर वर्षभर करता येतं, पण नवं लायसन्स नूतनीकरणाच्या तारखेपासून लागू होतं. मधला खड्डा मागे जाऊन बुजवता येत नाही, आणि अपघात नेमका त्या खड्ड्यात झाला की कंपनीच्या हातात आयतं कारण पडतं. संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

मुदत किती असते तेही बघून ठेवा. तिशीच्या आत काढलेलं लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं, तीस ते पन्नासमध्ये काढलं तर दहा वर्षं. पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. घरातल्या ज्येष्ठांची लायसन्सं म्हणूनच गुपचूप संपलेली असतात. आजोबा रोज मंडईत गाडी नेतात आणि कार्ड दोन वर्षांपूर्वी संपलेलं, हे मी स्वतः पाहिलंय.

पायरी दुसरी: प्रीमियमचा हिशेब स्वतः मांडा

कंपनीने पाठवलेल्या कोटेशनमध्ये शेवटचा आकडा सोडून कोणी काही वाचत नाही. वाचा. दोन मुख्य भाग असतात.

एक थर्ड पार्टी. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं काही झालं तर. हा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांना एकच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात खासगी कारसाठी वर्षाला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये. विजेवरच्या गाडीला ३० किलोवॉटपर्यंत १,७८० आणि ३० ते ६५ किलोवॉटला २,९०४. पॉलिसी घेताना त्या दिवशीचा दर बघून घ्या. मुद्दा हा की यात चालकाचं वय, लायसन्स, शहर, काहीही येत नाही. नवीन गाडीला तीन वर्षांचं थर्ड पार्टी एकदम घ्यावं लागतं.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या गाडीचं नुकसान. इथे शहर येतं. जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे पूर्वी सगळ्या कंपन्यांना बांधील असलेल्या दरपत्रकात, देशाचे दोन झोन केलेत. 'अ' झोनमध्ये आठ शहरं: मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद. बाकी सगळं 'ब'. झोन ठरतो नोंदणीच्या ठिकाणावरून. १ जानेवारी २००७ पासून दर मोकळे झाले आणि प्रत्येक कंपनी आपलं गणित करते, पण कोटेशनचा सांगाडा अजून बराचसा तोच असतो.

एक उदाहरण. ११९७ सीसीची दोन वर्षांची कार, आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, पाच लाख. पुण्याला जुना टॅरिफ दर ३.२८३ टक्के, म्हणजे १६,४१५ रुपये. समजा कंपनीने त्यावर ५० टक्के सूट दिली: ८,२०७. दोन वर्षं क्लेम नाही, म्हणून २५ टक्के नो क्लेम बोनस: ६,१५६. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६. वर १८ टक्के जीएसटी. एकूण साधारण ११,२९५ रुपये, ॲड-ऑन (जादा पैसे देऊन घ्यायची कव्हर) आणि मालकाचा अपघात विमा सोडून.

हीच गाडी साताऱ्याची असती तर दर ३.१९१ टक्के. करसकट सगळा फरक येतो सुमारे दोनशे रुपये! शहरात राहण्याचा दंड म्हणून ज्याची एवढी चर्चा होते तो या तक्त्याप्रमाणे एवढाच. कंपन्यांच्या स्वतःच्या गणितात तो जास्त असू शकतो, म्हणून तीन ठिकाणचे कोट मागवा. पण खर्चाची मोठी छिद्रं वेगळीकडे आहेत.

पायरी तिसरी: लर्निंग लायसन्स असेल तर नियम ३ पाठ करा

खासगी गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत चालकाबद्दलचं कलम असतं. त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की वैध शिकाऊ लायसन्स असणाराही गाडी चालवू शकतो, मात्र त्याने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ पाळलेला असला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात शिकाऊ लायसन्स हे लायसन्सच आहे असं म्हटलं. तेव्हा "कच्च्यावर क्लेम नाही" ही अफवा.

नियम ३ काय सांगतो? शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती, आणि ती अशा जागी बसलेली की गाडी ताब्यात घेऊ शकेल किंवा थांबवू शकेल. म्हणजे पुढची डावी सीट. मागे बसून मोबाइल बघणारे काका चालत नाहीत, आणि हँडब्रेककडे हात जात नसेल तर पुढे बसलेलेही फारसे कामाचे नाहीत. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल'ची पाटी, किमान १८ सेंटिमीटर चौरस. लोक छोटा स्टिकर लावतात किंवा लाजेपोटी लावतच नाहीत. पाटीचे फोटो काढून तारखेसकट ठेवा. वाद झाला तर हाच पुरावा.

शेजारी बसणाऱ्याचंही लायसन्स तपासा. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. पक्क्याची चाचणी तीस दिवसांनंतर देता येते. चाचणीची तारीख पुढे ढकलत ढकलत सहा महिने उलटले, तर त्या दिवसापासून तो मुलगा विनालायसन्स.

अठराच्या आतलं कोणी कार चालवत असेल तर हा लेख त्यांच्यासाठी नाही. कारचं शिकाऊ लायसन्सही अठराआधी मिळत नाही. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या भरधाव कारने दोघांचा जीव घेतला, ते पुणेकरांना सांगायला नको. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, असं कलम १९९अ मध्ये आहे.

पायरी चौथी: लायसन्स निलंबित झालं असेल तर गाडीचं काय

दारू पिऊन, बेदरकार किंवा भरधाव चालवताना सापडलात, सिग्नल तोडताना धरले गेलात, तर आरटीओ लायसन्स काही काळासाठी निलंबित करू शकतं. बऱ्याचदा तीन महिने. आपल्याकडे अमेरिकेसारखं "फक्त ऑफिसला जाण्यापुरतं" लायसन्स मिळत नाही. निलंबित म्हणजे निलंबित. त्या काळात स्टिअरिंगवर बसलात तर दंड १०,००० रुपये, पण तो स्वस्त भाग. महाग भाग असा: कोणी जखमी झालं किंवा गेलं तर अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण नुकसानभरपाई ठरवतं. अनेक प्रकरणांत विमा कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यायचे आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करायचे असा आदेश होतो. ही रक्कम लाखांत असते. पीडिताच्या दृष्टीने योग्यच आहे, पण तुमचं घर त्यात जाऊ शकतं. तुमच्या स्वतःच्या गाडीचा क्लेम तर मिळायचाच नाही.

इथे लोक एक चूक करतात. गाडी तीन महिने उभीच राहणार, मग नूतनीकरण कशाला, म्हणून पॉलिसी संपू देतात. नव्वद दिवसांहून जास्त खंड पडला की जमवलेला नो क्लेम बोनस शून्य. शिवाय घरातल्या कोणी ती कोपऱ्यावरून दूध आणायला नेली तरी विनाविमा गाडीचा पहिला दंड २,००० रुपये. पॉलिसी चालू ठेवा. गाडी खरंच कमी फिरणार असेल तर २०२२ पासून विमा नियामक आयआरडीएआयने परवानगी दिलेला "पे ॲज यू ड्राइव्ह" प्रकार विचारा. त्यात किलोमीटरचा टप्पा निवडून ओन डॅमेजवर सूट मिळते. ओडोमीटरचा आकडा मात्र खरा द्या.

ड्रायव्हर ठेवणार असाल तर त्याचं कार्ड नुसतं बघू नका, सारथीवर तपासा आणि स्क्रीनशॉट ठेवा. मालकाने वाजवी काळजी घेतली होती का हा प्रश्न स्वर्णसिंग खटल्यापासून कळीचा आहे. कंपनीला सुटायचं असेल तर मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अट मोडली हे सिद्ध करावं लागतं. तुमच्याकडचा तो स्क्रीनशॉट तिथे बोलतो. पगारी ड्रायव्हरसाठी कायदेशीर जबाबदारीचं कव्हर फार महाग नसतं. बहुतेकांच्या पॉलिसीवर ते नसतं!

पायरी पाचवी: आरसी कोणाच्या नावावर आहे ते बघा

मालकाचा वैयक्तिक अपघात विमा १५ लाखांचा असतो. पण त्याची अट अशी की मालकाकडे स्वतःचं वैध लायसन्स हवं. गाडी आईच्या नावावर, आईला लायसन्स नाही, तरी एजंट दरवर्षी हे पैसे लावतो. घरोघरी हेच. लायसन्स नसेल तर तसं लेखी कळवून हे कव्हर वगळून घ्या. आणि त्या पैशांत जो खरा चालवतो त्याच्यासाठी वेगळा अपघात विमा घ्या.

दिव्यांग व्यक्तीसाठी हँड कंट्रोल वगैरे बसवून गाडी बदलली असेल आणि लायसन्स तशाच अनुकूलित वाहनापुरतं असेल, तर उलट फायदा आहे. जुन्या टॅरिफमध्ये अशा गाडीला ओन डॅमेज प्रीमियमवर ५० टक्के सूट आहे. आरटीओकडून आरसीवर बदलाची नोंद करून घ्या आणि तिची प्रत जोडून सूट मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि कॉल सेंटरवरच्या मुलाला हे बहुधा माहीतही नसतं. लेखी मागा.

पायरी सहावी: शिकाऊ चालक घरात असताना काय घ्यावं, काय सोडावं

नवीन गाडी असेल तर झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं ॲड-ऑन, घ्या. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, फायबरवर ३०. आजकालच्या गाडीचा पुढचा भाग जवळजवळ सगळा प्लास्टिकच असतो. झिरो डेपवर वर्षाला किती क्लेम चालतील याची मर्यादा असते, ती वाचा.

मुंबई-ठाण्यात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्शनवर काटकसर नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेवढा पडायची गरज नाही, मिलन सबवेत गुडघाभर पाणी पुरतं. नवशिक्याची गाडी पाण्यात बंद पडली की तो घाबरून पुन्हा पुन्हा स्टार्टर मारतो, इंजिनमध्ये पाणी खेचलं जातं, आणि साधी पॉलिसी हात वर करते. पोराला पहिल्या दिवशीच सांगा: पाण्यात बंद पडली तर किल्ली काढायची आणि ढकलायची.

थर्ड पार्टी मालमत्तेचं कव्हर साडेसात लाखांऐवजी सहा हजारांवर आणून शंभर रुपये वाचवण्याचा पर्याय जुन्या टॅरिफमध्ये आहे. असं कोणी सुचवलं तर एजंट बदला.

पायरी सातवी: ओरखडा पडला, क्लेम करायचा का?

आता आमच्या खांबाकडे वळू. समजा बंपर ९,००० चा आणि रंग-मजुरी ४,०००. झिरो डेप नाही. बंपरचे निम्मे कापले, सक्तीची १,००० रुपये वजावट (दर क्लेमला आपण सोसायची रक्कम, १५०० सीसीपर्यंत) गेली, ढोबळ मानाने ७,५०० हातात.

आणि गेलं काय? क्लेम नसलेल्या वर्षांगणिक बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो आणि क्लेम केला की शून्यापासून सुरू. पुढच्या वर्षी ३५ टक्के बोनस मिळणार होता, तो शून्य. त्यानंतर ४५ ऐवजी २०, मग ५० ऐवजी २५, मग ५० ऐवजी ३५, मग ५० ऐवजी ४५. गाडीची किंमत उतरते तसा मूळ ओन डॅमेज ७,५०० वरून दरवर्षी पाचशेने कमी होतो असं धरलं, तर पाच वर्षांत जीएसटीसह सुमारे ८,४५० रुपयांचा बोनस बुडतो. म्हणजे क्लेम केला तर हजारभराचा तोटा. आम्ही गॅरेजमधून डेंट-पेंट करून घेतलं, जुनाच बंपर प्लास्टिक वेल्डिंगने बसवला. भाच्याने दोन महिने खिशातून हप्ते दिले.

तुमच्या गाडीचे आकडे घालून हा हिशेब एकदा कागदावर करून डॅशबोर्डमध्ये ठेवा. अपघाताच्या संध्याकाळी कोणाचंच डोकं चालत नाही. आणि लहान क्लेम करायचेच नाहीत असं ठरलं असेल, तर ५,००० ची ऐच्छिक वजावट घेऊन प्रीमियम थोडा उतरवता येतो. जुन्या तक्त्यात त्यावर २५ टक्के, कमाल १,५०० रुपये सूट आहे.

पायरी आठवी: मोठा अपघात झालाच तर

कोणी जखमी असेल तर आधी दवाखाना, मग बाकी सगळं. त्यानंतर गाडी हलवण्याआधी फोटो: दोन्ही गाड्या, रस्ता, 'एल'ची पाटी, शेजारी बसलेल्याचं लायसन्स. कंपनीला त्याच दिवशी कळवा, शक्यतो ॲपवरून, म्हणजे वेळेची नोंद राहते. कोणी जखमी असेल तर पोलिसांना कळवणं टाळता येत नाही.

आणि मग तो मोह येतो. क्लेम फॉर्मवर "चालकाचं नाव" या रकान्यात संपलेल्या लायसन्सवाल्या आजोबांऐवजी पक्क्या लायसन्सवाल्या काकांचं नाव लिहायचं. गॅरेजवालाच सुचवतो, "साहेब, कोण बघतंय?" बघतात. सोसायटीचा सीसीटीव्ही असतो, टोलनाक्याचा कॅमेरा असतो, समोरच्या माणसाने काढलेला व्हिडिओ असतो, पोलिसांच्या पंचनाम्यात नाव असतं. खोटं सापडलं की जो क्लेम कदाचित काही प्रमाणात मिळाला असता तोही पूर्ण बुडतो, आणि फसवणुकीचं प्रकरण वेगळं. जे घडलं तेच लिहा.

क्लेम नाकारला तर नाकारण्याचं कारण लेखी मागा आणि त्यात पॉलिसीचं नेमकं कोणतं कलम सांगितलंय ते बघा. "शिकाऊ लायसन्स" एवढंच कारण असेल तर चालक कलम आणि नियम ३ दाखवून कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. सोबत 'एल'च्या पाटीचा तो फोटो जोडा.